लूज

मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेआठ ते साडेनऊ,
माझगावच्या म्युनिसिपल शाळेत, चौथी ‘ब’च्या वर्गात
आमचे गुडघे बाकाखाली मावत नाहीत.
फळ्याच्या कोपऱ्यात मुलांची पटसंख्या असते,
एकूण एकतीस, हजर सव्वीस.
ती पुसायची नाही, असा डिकुन्हाबाईंचा नियम.
तिच्याखाली त्यांनी लिहिलं:
एल, डबल ओ, एस, ई.

विशेषण, म्हणाल्या. एकट्यानं राहत नाही.
नामाच्या पुढ्यात बसतं,
नाहीतर ‘इज’च्या पाठोपाठ येतं.
आता एकेकानं एकेक वाक्य.

परशुराम घाग, गोदीतला वॉचमन, छाती काढून उठला:
लूज मोशन.
वर्ग बाकांसकट हलला.
हसताय काय, बरोबर आहे, बाई म्हणाल्या,
पण हे वाक्य नाही. पूर्ण करा.
त्यानं पूर्ण केलं. नको तितकं.

हमीदा सोलकरनं जिभेनं आधी खात्री करून घेतली,
मग म्हणाली, माय टूथ इज लूज.
भालेकर, रिटायर्ड कंडक्टर, लूज चेंज म्हणाला
आणि सवयीनं त्याचा हात
नसलेल्या पिशवीकडे गेला.
कोणीतरी चहा म्हणालं. पुड्यातला नाही, वजनावरचा.

मी आपली हिशोब लावत बसले.
दात हलतो. चहा सुटा. पैसे सुट्टे.
केस मोकळे, स्क्रू ढिला, गाठ सैल,
पोटाचं तर बोलायलाच नको.
एवढ्या बिऱ्हाडांचं भाडं
एकटा हा शब्द भरतो?
साहेबाकडे शब्दांची टंचाई होती,
की आमच्याकडेच निसटायच्या तऱ्हा जास्त?

तुम्ही, मिसेस शिरवडकर?

माझं अल्टरेशनचं दुकान आहे. दुकान कसलं,
डॉकयार्ड रोडला जिन्याखाली एक मशीन, एक बल्ब.
कंबर लूज, बाही लूज, शोल्डर लूज,
दिवसातून वीसदा मी हा शब्द बोलते, तोंडात टाचण्या धरून.
तो इंग्रजी आहे
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.
उभी राहिले. द पँट इज लूज.

हूज पँट? बाईंनी विचारलं.
गिऱ्हाइकाची, म्हटलं मी.
मराठीतच.

वहीत लिहिताना एकच ओ आला माझ्याकडून.
बाईंनी लाल पेनानं दुसरा आणून बसवला,
चिकटून, जागा नव्हती तरी.
एक गळला की हरवणं होतं, म्हणाल्या.
ते क्रियापद. तो वेगळा धडा आहे,
जुलैत घेऊ.

आता रात्रीचे अकरा.
हे झोपलेत. खुर्चीवर तपकिरी पँट.
दिवाळीला अर्धा इंच घेतली होती,
संक्रांतीला पाऊण.
पट्ट्याला खिळा तापवून दोन नवी भोकं पाडली मी,
तेव्हा हे म्हणाले, पँट वयात आलीय गं तुझी,
अंगानं भरत चाललीय.
मी हसले. विनोद चांगला होता.
रिपोर्ट फ्रिजवर आहेत, पिशवीत. त्यातलं इंग्रजी
अजून माझ्या धड्यांच्या पुढचं आहे.

टेप लावत नाही. चिमटीत धरलं की कळतं.
सव्वा इंच.

मागची शिवण उसवली, आत दुमडलेलं कापड बघितलं.
गिऱ्हाइकाचं असतं तर कधीच कापून टाकलं असतं,
बसताना टोचतं, इस्त्रीला फुगतं,
आणि शिकाऊ पोरींना मीच सांगते,
फालतू दाब ठेवायचा नाही.

कात्री डब्यात ठेवली.
सगळं कापड आत घडी घालून घेतलं,
दिवाळीचं, संक्रांतीचं, आजचं,
आणि मशीन न लावता
हातानं टाके घातले, लांब लांब,
एका ओढीत निघून येतील असे.